फोटोपुरती स्की नको

महाराष्ट्रातून निघणाऱ्या काश्मीर सहलीत गुलमर्गच्या वाट्याला एक दिवस येतो आणि त्यातले हाती लागतात जेमतेम चार तास. श्रीनगरहून सकाळी निघायचं, टनमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट चढवायचे, गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत अर्धा वेळ घालवायचा आणि उरलेल्या वेळात ‘स्की’ उरकायची. पायात पट्ट्या अडकवल्या, एकाने हात धरला, दुसऱ्याने मोबाइल धरला, वीस पावलं घसरलं की फोटो निघाला. पैसे दिले, गाडी सुटली. याला स्कीइंग म्हणणं आता थांबवा.

स्की शिकायला किमान एक आठवडा लागतो. ज्याला तो परवडतो, त्याने आयुष्यात एकदा तरी तो काढावाच. सहा ठिकाणं बघून येण्यापेक्षा एका उतारावर सहा दिवस घालवणं जास्त मोलाचं, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

पहिला दिवस बुटांत जातो. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. त्यात घोटा जखडला जातो आणि नडगी पुढच्या जिभेवर टेकते. आपली मंडळी थंडीच्या धास्तीने आत तीन-तीन मोजे घालतात. मग पाय आत सैल सरकतो, रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. मोजा एकच, तोही पातळ आणि लांब. बूट जमला की एका पायात स्की घालून सपाटीवर चालणं, मग दोन्ही पायांत घालून उताराला आडवं उभं राहून खेकड्यासारखं एक-एक पाऊल वर चढणं. लिफ्ट नंतर. दुपारपर्यंत उणे तापमानात घाम फुटतो. पडायचं कसं हेही शिकवतात: कुशीवर, डोंगराच्या बाजूला. मग स्की उताराला आडव्या करायच्या आणि उठायचं. हे न शिकता जो उतारावर जातो, तो गुडघा मुरगळून परत येतो.

दुसऱ्या दिवशी थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. वेग वाढला की मागची टोकं आणखी फाकवायची. समोर इन्स्ट्रक्टर उलटा घसरत ओरडत असतो, “आगे झुको! पीछे मत बैठो!” सगळ्या आठवड्याचं सार त्या ओरडण्यात आहे. भीती वाटली की माणूस मागे कलतो. मागे कलला की स्कीची टोकं हलकी होतात आणि ती त्याचं ऐकेनाशी होते. दरीकडे छाती दिली की मगच ताबा येतो.

इथे सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरची खरी परीक्षा आहे. तोरण्याच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या घसाऱ्यावर आपण वर्षानुवर्षं नेमकं उलट शिकलो: अंग मागे टाका, वेळ आली तर बसा, हात टेका. मांड्यांत ताकद असते, दमही असतो, पण शरीराला लागलेली ती सवय मोडायला तीन दिवस जातात. चौथ्या दिवशी उजव्या पायावर भार दिला की आपण डावीकडे वळतो, हे ज्या क्षणी अंगाला कळतं, त्या क्षणासाठी रजा वाया गेली तरी चालेल. ती वाया जात नाही.

रजेचाच खरा प्रश्न आहे. आपल्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. दोन्ही वेळा नवशिक्यांच्या उतारावर गवत असतं. बर्फाचा भरवशाचा काळ जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात आणि नेमक्या तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्यांच्या घरी परीक्षा नाही, त्यांनी तरी फेब्रुवारीत निघावं. पन्नाशीतल्यांनीसुद्धा; फक्त एक महिना आधी रोज जिने चढा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचा व्यायाम करा.

आणि लवकर निघावं, कारण बर्फ आपल्यासाठी थांबणार नाही. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार ऐन मोसमात उघडे पडले होते. २०२५मध्ये तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. उत्तराखंडातल्या औलीची गत वेगळी नाही. तिथे तर २०२३च्या जानेवारीत पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवेही बंद करावा लागला.

या उतारांवर माणसं घडली आहेत. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो गुलमर्गच्याच बर्फात स्की शिकला. आज तुम्हाला वळायला शिकवणारा इन्स्ट्रक्टर त्याच परिसरातला असतो, लहानपणापासून याच बर्फावर वाढलेला. त्याच्या कमाईचे हे मोजके आठवडे. त्याच्याकडून फोटोपुरती सेवा घेऊन वर घासाघीस करणं मला पटत नाही. सात दिवसांचा विद्यार्थी त्याला मिळाला, तर त्याचाही मान राहतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली स्की करत येणं हे नवशिक्याचं काम नाही. तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये एक परदेशी स्कीपटू त्यात दगावला. “आठवडा झाला, आता वरून उतरवतो” असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग असतात, मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतही स्की शिकवतात. चौकशी दिवाळीतच करा, जागा भरतात. हेल्मेट देतात का, एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी, हे दोन प्रश्न आधी विचारा. आणि सहल कंपनीने यंदाही गुलमर्ग चार तासांत बसवलं असेल, तर ती सहल घेऊ नका.