करायला काय जातं? घरगुती तोडग्यांचे पहिले धडे

नाशकात नव्याने राहायला आला असाल, नोकरीसाठी सातपूर-अंबडला नाहीतर लग्न होऊन गंगापूर रोडला, तर गॅस आणि दूधवाला ठरला की लगेच तोडगे शिकायला घ्या. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, उंबरठ्याचे नियम मात्र पहिल्या संध्याकाळपासून लागू होतात.

आधी एक अट. यातली कुठलीही गोष्ट करताना ‘माझा काही विश्वास नाही, पण करायला काय जातं?’ हे वाक्य म्हणावंच लागतं. तोच मूळ मंत्र समजा. विश्वास ठेवणारे थोडे आणि न करणारे त्याहून थोडे. माझे एक मामा आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत होते. बाहेर पडताना घरात कुणी शिंकलं की ते गुपचूप खुर्चीत टेकायचे. विचारलं तर म्हणायचे, “बस कुठे एवढ्यात येतेय?”

साहित्य फार लागत नाही. मोहरी, सुक्या लाल मिरच्या आणि लिंबू स्वयंपाकघरात असतंच. काळा दोरा आणि बिब्बा गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात बघा. (गंगा म्हणजे गोदावरी. इथे ‘गोदावरीवर जाऊन येतो’ म्हणालात की तुम्ही नवखे आहात हे रिक्षावाल्यालाही कळतं.) मीठ मात्र खड्याचंच घ्या. पिशवीतलं बारीक मीठ मुठीतून गळतं, शिवाय माझ्या आजीच्या मते त्याला दृष्ट धरत नाही.

पहिला धडा तोंडाचा. घरात काहीही ‘संपत’ नाही, ‘वाढतं’. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा असतो. आणि घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. पण ही भाषा उंबरठ्याच्या आतच वापरा. मी सुनेच्या नव्या उत्साहात वाण्याला फोन करून “तांदूळ वाढलेत” असं सांगितलं होतं. तो म्हणाला, “मग पोरगा पाठवतो, परत द्या.”

आता मुख्य विषय, दृष्ट काढणे. वेळ तिन्हीसांजेची, देवापाशी दिवा लागल्यानंतरची. ज्याची काढायची त्याला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. तो हसेल, हसू द्या. दोन्ही मुठींत मीठ, मोहरी आणि मिरच्या घ्या. हातांची फुली करून मुठी डोक्यापासून पायापर्यंत उतरवा, जमिनीला टेकवा, पुन्हा वर न्या. असं तीनदा करा, हौस असेल तर सातदा. हे करताना पुटपुटत संशयितांची यादी घ्यायची असते: आल्यागेल्याची, शेजारणीची, वाटेवरच्या माणसाची. यादीत आईबापांचीही नावं असतात. कौतुकाने बघणाऱ्याचीच नजर जास्त लागते म्हणे, त्यामुळे सख्खी आई स्वतःलाच आरोपी करून मुठी फिरवते. यादी संपली की मागे न बघता, कुणाशी न बोलता थेट विस्तवाकडे चालू लागा.

विस्तव म्हणजे पूर्वी चूल, आता गॅस. इंडक्शनवर दृष्ट जळत नाही, याची नोंद नव्या फ्लॅटवाल्यांनी घ्यावी. निदान ठसक्यावरून करतात. मिरच्या जळूनही खोकला आला नाही तर दृष्ट जबर होती. आला तर साधी होती, पण होती. नव्हती, असा निकाल मी अजून ऐकलेला नाही. फक्त चिमणी बंद ठेवा. आमच्याकडे एकदा ती चालू राहिली, धूर सगळा वर गेला आणि एका निरोगी मुलाला तीन दिवस जबर दृष्टीचा रोगी म्हणून वागवलं गेलं.

परदेशी शाखेत वेगळी अडचण येते. न्यू जर्सीला चुलतबहिणीच्या घरात धुराचा भोंगा छताला आहे, त्यामुळे तिथे मिरची जाळायची सोय नाही. बाळ संध्याकाळभर रडत होतं, तेव्हा काकूने व्हिडिओ कॉल लावून घेतला, फोनच्या पडद्यावरून मुठी उतरवल्या आणि मिरच्या इथे इंदिरानगरात जाळल्या. बाळ तिकडे झोपलं. खोकला आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना आला.

वाहनाचा धडा घाईत उरकू नये. नवी गाडी आली की हळदकुंकू, हार, नारळ आणि पुढच्या चाकाखाली लिंबू. लिंबावरून गाडी हळू न्यायची, एवढं पुस्तकी ज्ञान मला होतं. पण आमच्या पार्किंगला शहाबादी फरशी आहे, आणि तिच्यावर आधीच वाढवलेल्या नारळाचं पाणी होतं. स्कूटर लिंबावर चढली, लिंबू फुटलं, चाक घसरलं आणि मी हारासकट आडवी. गेल्या बारा वर्षांत त्या गाडीला झालेला हा एकमेव अपघात. आजी वरून गॅलरीतून म्हणाली, “बघ, केवढ्यावर निभावलं! लिंबू नसतं तर?” याला उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

दुकानाचं सोपं असतं. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, दर शनिवारी नवं. जुनं रस्त्यावर टाकतात, म्हणजे पीडा आता ते ओलांडणाऱ्याची. हा भाग मला पटत नाही. स्वतःची बला महापालिकेच्या झाडूवाल्यावर ढकलण्यात कसली आलीय शुभता? पाल चुकचुकली तर जमिनीवर बोटाने तीनदा टकटक करा. उलटी पडलेली चप्पल सरळ करा, रिकामी कात्री वाजवू नका. दोन्हींनी भांडणं होतात, आणि कात्री वाजवणाऱ्याशी मी खरोखरच भांडते.

कायद्याचं काय, असं नवशिके विचारतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भुताच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, करणीची भीती घालून लुबाडणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, हे त्यात गुन्हे आहेत. मूठभर मीठमोहरी त्यात बसत नाही. तेव्हा घरातली खूण पक्की ठेवा. तोडगा वाणसामानाच्या डब्यांत भागला पाहिजे. कुणी ‘दोष मोठा आहे, अमुक हजार लागतील’ म्हणालं की तिथे ‘करायला काय जातं’ हे वाक्य लागू पडत नाही.

शेवटी प्रात्यक्षिक. बारावीचा पहिला पेपर, केंद्र पंचवटीत, रिक्षा खाली उभी. लेकाच्या तळहातावर दहीसाखर दिली, त्याने ती चाटली, देवाला आणि आजीला नमस्कार केला आणि जिना उतरता उतरता ओरडला, “जातो!”

“येतो म्हण!” आम्ही दोघी एकदम.

तो दुसऱ्या मजल्यावरून तणतणत परत वर आला, दारात उभा राहून म्हणाला, “येतो.”

आजीने त्याच्याकडे पाहिलं. “आता माघारी फिरलास ना? मग आत ये, दोन मिनिटं टेक, घोटभर पाणी पी.”

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.