धूम्रसाक्षी-विचार

नैयायिकांनी डोंगरावर धूर पाहिला आणि तिथे अग्नी असल्याचं अनुमान केलं. त्यांच्यापैकी कोणी वर चढून खात्री करून घेतल्याचं प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. मोटारवाल्यांनी हीच विद्या सायलेन्सरच्या नळीत नेऊन बसवली. तिथे अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि आत जाळ कसा चाललाय ते कॉम्प्युटरला कळवतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो गाडीत लागला. शास्त्रातलं नाव लॅम्डा सोंड. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मात्र त्याला नुसतं 'सेन्सर' म्हणतात, जणू गाडीत दुसरा सेन्सरच नाही.

आमचा सिद्धान्त असा: सेन्सर हा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे, आणि उपनगरांत फाशी साक्षीदाराला होते.

आधी साक्षीचं स्वरूप पाहू. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. तिच्या आत बाहेरची हवा, बाहेरून धूर. दोहोंतल्या ऑक्सिजनच्या फरकानुसार व्होल्टेज उमटतं. हे गणित वॉल्टर नेर्न्स्टचं, १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्याचं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टकडे झुकतो, हवा जास्त झाली की ०.१ कडे. धडधाकट सेन्सर या दोन टोकांत सारखा झुलत असतो आणि एका मतावर ठाम झाला की तो आजारी समजावा. सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर. सकाळच्या चहाआधी आमच्याशीही कोणी बोलू नये, असा घरचा नियम आहेच. सरकारदरबारीही लॅम्डाला (म्हणजे प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा) मान आहे: बीएस-४ पेट्रोल गाडीची पीयूसी घेताना इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास फिरवतात, तेव्हा तो १ ± ०.०३ भरावा लागतो.

आता प्रत्यक्ष प्रकरण. जेव्हीएलआरवर, पुढच्या टँकरचा मागचा भाग पाठ होईपर्यंत थांबलेलो असताना, समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. एव्हरेज तर महिनाभर घसरतच होतं.

अंधेरीत गाठ पडली बदलवादी पंथाशी. स्कॅनर लावला, कोड निघाला पी ०१७१. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त दिसतेय. कोडात सेन्सरचं नाव नाही. तरी भाष्य झालं, "साहेब, सेन्सर गेला." हा उघड हेत्वाभास होय. मेगाब्लॉकची घोषणा करणारी बाई बदलून लोकल वेळेवर येतात का, हे पाहण्याचाच हा प्रकार. आम्ही पैसे मोजले. तिसऱ्या दिवशी घाटकोपरला दिवा पुन्हा हजर.

तिथला पंथ मिटवादी. भोगल्यावाचून कर्म सुटत नाही, हे त्यांना मान्य नाही. ते स्कॅनरने कोड पुसतात. आठवड्यात कोडाचा पुनर्जन्म झाला. बोरिवलीच्या मेहुण्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायला सुचवली. तो शुद्ध मायावाद. आमची साधना तेवढी नाही.

मुलुंडच्या मिस्त्रींनी स्कॅनरला हातच लावला नाही. "गाडी रात्रभर राहू द्या, सकाळी थंड असताना बघू." आयुर्वेदाच्या निदानपंचकात उपशय म्हणून एक पायरी आहे: काहीतरी देऊन पाहायचं, रोग काय उत्तर देतो ते ऐकायचं. मिस्त्रींचा उपशय म्हणजे ओला फडका. इंजिन सुरू करून पोराने तो सायलेन्सरच्या शेपटीला दाबून धरला. मिस्त्रींनी बॉनेटखाली कान दिला. टक-टक-टक, मग फुस्स. मॅनिफोल्डची गॅस्केट जळली होती, तीही सेन्सरच्या अलीकडे. धूर ठोक्याठोक्याने सुटतो. दोन ठोक्यांमध्ये नळीतला दाब उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. साक्षीदाराने पाहिलं तेच सांगितलं: ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटरने भाबडेपणाने पेट्रोल वाढवलं. एव्हरेज तिथे गेलं.

अपवाद नमूद करणं भाग आहे, कारण सेन्सर खरोखर मरतोही. शिसं त्याला विष. पण शिसेवालं पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं. सिलिकॉनचा चुकीचा सीलंट आणि जळणारं ऑइल अजून आहेत. सोसायटीची घूस हीटरची वायर कुरतडते, तेव्हा पाच रुपयांची टेप पुरते का हे आधी पाहावं. पावसाळ्यात अंधेरी सबवे तर आहेच: तापल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की तडा.

गॅस्केट बदलून झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "जुना सेन्सर टाकला की काय?" डिकीत होता. त्यांनी त्याला मल्टिमीटर जोडला आणि टोक गॅस टॉर्चच्या ज्योतीत धरलं. काटा ०.९ कडे चढला. ज्योत काढली, खाली आला. पुन्हा धरली, पुन्हा चढला. "नवा डुप्लिकेट आहे तुमचा. जुनाच लावतो," म्हणत त्यांनी २२ चा पाना मागवला.

नवा सेन्सर सध्या या प्रबंधाच्या कागदांवर वजन म्हणून ठेवला आहे.