साडूंसाठी जुनी फोर बाय फोर : एक शास्त्रोक्त मार्गदर्शन

परवडणारी, वापरलेली, चारही चाकांना ताकद पोचणारी आणि तरीही घरच्यांना दाखवता येईल अशी गाडी कशी निवडावी, याचे पद्धतशीर विवेचन पुढे केले आहे. ते सर्व गरजूंसाठी आहे. गरजू म्हणजे सध्या आमचे साडू.

साडूंची नोकरी संगणकाची, तक्रार मणक्याची आणि ओढ चिखलाची. रविवारी सकाळी ते मला कुठली तरी जुनी गाडी बघायला नेतात. तिथे कामाची वाटणी ठरलेली असते. मी गाडीखाली पोतं टाकून झोपतो आणि साडू मालकाशी अप्रोच अँगलवर बोलतात. हा अँगल त्यांना अंशांत पाठ आहे. गाडीला इंजिन ऑइल किती लागतं, ते विचारू नये.

नियम १. आपल्याला नेमके कुठे जायचे आहे ते कागदावर लिहावे.

साडूंनी लिहिले, ‘सह्याद्री’. सह्याद्री मोठा आहे. त्यातल्या कितीतरी गडांच्या पायथ्याला एसटी जाते, आणि जिथे एसटी जाते तिथे फोर बाय फोर लागत नाही, हे या शास्त्रातले पहिले आणि सर्वांत अप्रिय सूत्र होय. लाल गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. तिला स्नॉर्कल नसते, छतावर दिव्यांची पट्टी नसते, आणि ड्रायव्हर एका हाताने तंबाखू मळत घाट चढवतो.

एसटी जिथून माघारी फिरते त्याच्या पुढचा तुकडा हा आपला खरा विषय. पावसाळ्यातली धरणाकाठची लाल माती, ओढ्यातले गोटे, शेताकडे जाणारी बैलगाडीची चाकोरी. साडूंची भोरकडे थोडी वडिलोपार्जित जमीन आहे आणि तिकडचा शेवटचा तुकडा श्रावणात खरोखर वाईट असतो. हे कारण उत्तम आहे, पण साडूंनी ते कधीच पुढे केले नाही. ते मला मेव्हणीने सांगितले. साडूंना त्यात काही शौर्य दिसत नसावे.

नियम २. छोटा दांडा शोधावा.

गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी आणखी एक ठेंगणा दांडा असतो. तो ट्रान्सफर केसचा. त्यात टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो अशा जागा असतात. ‘लो’ म्हणजे चाकांचा वेग कमी आणि जोर त्या पटीत जास्त. जुन्या थारमध्ये जवळजवळ अडीचपट. गोट्यांवरून गाडी माणसाच्या चालीने रांगते ती याच्या जोरावर. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेकवर नाचावे लागत नाही. २०१४ साली आलेली ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर हलकी आहे, शहाणी आहे, ओल्या मातीत भल्याभल्यांना लाजवते, पण तिच्यात लो नाही. पहिला गिअर आखूड देऊन काम भागवले आहे. भोरच्या जमिनीला ती पुरेल. हे मी साडूंना एकदा सुचवले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना स्कूटर सुचवली.

पोटनियम : जिप्सी किंवा जुनी थार कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये टाकून वळवू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मधे तो फरक पचवणारा डिफरन्शियल नसल्यामुळे सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. साडू ट्रायल घेताना पहिली गोष्ट हीच करतात. ‘ग्रिप बघतोय,’ म्हणतात. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नियम ३. स्टिकरवर विश्वास ठेवू नये.

‘फोर बाय फोर’ हे स्टिकर कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते. जुन्या थारच्या डीआय मॉडेलमध्ये टू-व्हीलही होती, आणि बोलेरो-स्कॉर्पिओ तर बहुतेक टू-व्हीलच विकल्या गेल्या. खाली वाकून बघावे : पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे का? आहे, तर तो फिरतो का? मऊ मातीत फोर-लो टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू न्यावी. गाडी अडखळल्यासारखी ओढली गेली तर पुढची चाके कामाला लागली आहेत. काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांवरचे हब हाताने ‘लॉक’वर फिरवावे लागतात. मालकाला ते माहीतच नसेल तर एक आनंदाची बातमी समजावी, की गाडी चिखलात फारशी गेलेली नाही.

नियम ४. उमेदवार.

जिप्सी. १९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनाने आली, १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘किंग’ झाली. पुढेमागे पाटे, अंगाने हलकी, आणि चिखलात हलकेपणा हाच मोठा गुण. जड गाड्या जिथे रुततात तिथून ही टुणटुण निघून जाते. एसी नाही, पेट्रोल पिते, मागे बसणाऱ्यांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या गुडघ्यांचा परिचय करून घ्यायचा. ताडोब्याच्या सफारीतून निवृत्त झालेली जिप्सी मिळाली तर हुरळून जाऊ नये. तिने वाघांपेक्षा खड्डे जास्त पाहिले आहेत.

थार सीआरडीई, २०१० ते २०२०, नाशिकची. १०५ अश्वशक्तीचे डिझेल, मागे पाटे, पुढे टॉर्शन बार. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मेकॅनिकला शिकवावे लागत नाही. २०१५ नंतरच्या काही गाड्यांत मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आहे. एक चाक हवेत गेले की त्याची किंमत कळते. आत पाणी गळते. हा दोष नव्हे, स्वभाव आहे.

गुरखा. पुढेमागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक थेट कारखान्यातून. भिंत चढेल, फक्त महामार्गावर ट्रकवाले हॉर्न देतील.

सफारी फोर बाय फोर. स्वस्त, प्रशस्त, जड. फोर-व्हील बटणावर लागते, आणि बटण वर्षानुवर्षे कुणी दाबलेले नसल्याने आतली मोटर अडकलेली असू शकते. मालकासमोर दाबून बघावे.

पजेरो, एन्डेव्हर वगैरे. घ्यायला परवडतात. तेवढेच.

नियम ५. खाली झोपावे.

हा या शास्त्राचा गाभा आहे, आणि तो नेमका माझ्या पाठीवर आला आहे. वरचा रंग बघणारे पुष्कळ असतात. चॅसी बघणारा एकटा असतो आणि त्याच्या डोळ्यात माती पडते. पेचकसाच्या मुठीने चॅसी ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर पुढे सरकावे, बद्द आला तर थांबावे. पाट्यांच्या शॅकलजवळ, बॉडी माउंटखाली आणि जिप्सीच्या फ्लोअरला विशेष प्रेमाने ठोकावे. खाली नुकताच काळाभोर कोटिंगचा थर मारलेला असेल तर विचारावे, का? एमएच ०८ पासिंग, म्हणजे रत्नागिरी. समुद्राची हवा पत्र्याला सोडत नाही. गोव्याच्या पासिंगचे तेच. लातूर-सोलापूरकडची गाडी दिसायला भकास असेल, पण खालून कोरडी ठणठणीत निघते.

डिफरन्शियलचा फिलर बोल्ट उघडून बोट घालावे. तेल दुधाळ किंवा राखाडी असेल तर आत पाणी गेले आहे, म्हणजे गाडी कुणीतरी ओढ्यात उभी करून फोटो काढले आहेत. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवावेत. चारही टायर एकाच मापाचे आहेत का ते बघावे. वेगवेगळ्या मापाच्या टायरांवर फोर-व्हील वापरली की ट्रान्सफर केस झिजते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ‘टायर नवीन आहेत’ असे म्हणणाऱ्याला हे आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. साडूंना हा प्रकार फार आवडतो, म्हणून ते काम मी त्यांना दिले आहे.

पुरातली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, आणि सीटखालच्या पट्टीला गंज. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड. त्या भागातल्या, त्या आधीच्या गाड्यांना हा मान आवर्जून द्यावा.

इंजिन थंड असतानाच पोचावे. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवावा. गरम असेल तर मालकाने आपल्या आधी ती चालू करून ठेवली आहे, आणि का ते त्यालाच माहीत. चालू केल्यावर निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. काळा थोडा चालतो. पांढरा थांबलाच नाही तर चहा पिऊन घरी यावे.

नियम ६. ‘डॉक्टरांची गाडी आहे’ हे वाक्य ऐकले न ऐकलेसे करावे. महाराष्ट्रातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. एवढे डॉक्टर दवाखान्यात कधी बसतात?

नियम ७. मॉडिफाइड गाडीपासून दूर राहावे.

इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. हरयाणातल्या मंडी डबवालीकडून रंगीत जिपा येतात. रुंद टायर, चकचकीत बंपर, आत गादी, आणि आरसी बुक कुठल्यातरी जुन्या जीपचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठणकावले. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर पुस्तकाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. पुढच्या लोखंडी बुलबारवर २०१७ च्या अखेरीपासून बंदी आहे. आणि कायदा सोडा, उंच केलेल्या गाडीचे स्टिअरिंग थरथरू लागले की ते नीट करणारा मिळत नाही. ज्याने वाढवली त्याने व्हिडिओ काढला, पैसे खर्च केले आणि आता तो खर्च आपल्याकडून वसूल करायचा आहे. साध्या, कंटाळवाण्या, मूळ रूपातल्या गाडीला दोन पैसे जास्त द्यावेत. साडूंना कंटाळवाणी गाडी दाखवली की ते फोनमध्ये बघू लागतात. मी तर म्हणतो, नेमकी तीच घ्यावी.

कागदांचे बाकी थोडक्यात : फॉर्म २९ आणि ३० वर सही, कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत आणि फॉर्म ३५, थकलेली चलने, आणि पंधरा वर्षांच्या वर गाडी असेल तर पुनर्नोंदणी झाली आहे का. दिल्लीहून डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलमागे नियमांचा ससेमिरा राहिला आहे. पण इथला कर भरला की स्वस्ताई बरीचशी उतरते.

नियम ८. सासूबाई-परीक्षा.

साडू असल्याचा एक फायदा म्हणजे परीक्षक सामाईक असतो. ट्रायलला सासूबाईंना मागच्या सीटवर बसवावे. नऊवारी नसली तरी चढताना पाय किती उचलावा लागतो ते तिथेच कळते. एका जिप्सीतून उतरल्यावर त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, गाडी छान आहे. मी मात्र एसटीनं येईन.’ साडू म्हणाले, ‘आई, ही चिखलातून जाते.’ त्या म्हणाल्या, ‘मग चिखल असेल तेव्हा सांगा.’

नियम ९. सोसायटीच्या बेसमेंटची उंची मोजून ठेवावी. छतावर कॅरिअर लावलेली गाडी आयुष्यभर रस्त्यावर उभी राहते.

नियम १०. घेतल्यावर.

कासच्या पठारावर, अभयारण्यात, समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये. पठारावरची माती बोटभर असते आणि चाकाची खूण वर्षानुवर्षे जात नाही. किनाऱ्यावर भरती येते आणि खारे पाणी नियम ५ चे सगळे कष्ट वाया घालवते. शेतात जायचे तर शेतकऱ्याला विचारावे. बहुतेक जण हो म्हणतात आणि वर पाणीही देतात. मऊ जमिनीवर टायरची हवा बरीच कमी करावी, परत डांबरावर आल्यावर भरावी, त्यासाठी पंप बरोबर असावा. फावडे असावे. ओढायचा पट्टा चॅसीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा, बंपरला कधीच नाही, आणि पट्टा ताणला की जवळ कुणी उभे राहू नये. एकट्या गाडीने जाऊ नये. इतके करूनही रुतलात तर ट्रॅक्टर येईल. या राज्यातला सर्वोत्तम ऑफरोडर तोच आहे.

इथे साडूंविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे अजून फोर बाय फोर नाही, पण पट्टा, फावडे आणि पंप हे तिन्ही त्यांच्या साध्या हॅचबॅकच्या डिकीत कधीपासून आहेत. ताम्हिणीत कुणाची गाडी कडेच्या चिखलात गेली की हे थांबतात. भर पावसात उतरतात, अनोळखी माणसाला सल्ले देऊन हैराण करतात आणि शेवटी गाडी बाहेर काढून देतात. मग घरी येऊन मणक्याला बाम लावतात. अशा माणसाला खोटी गाडी मिळू नये, म्हणून मी खाली झोपतो.

निर्णय : ठरवलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा, कारण टायर, क्रॉस, बुश, ब्रेक आणि सगळी तेले पहिल्याच महिन्यात बदलावी लागतात. उरलेल्या पैशांत गंज नसलेली जिप्सी मिळाली तर ती घ्यावी. डिझेल हवे असेल तर मूळ रूपातली थार. दोन्ही नाही मिळाल्या तर थांबावे.

आम्ही थांबलो आहोत. तुमच्या ओळखीत कोरड्या मुलुखातली, हात न लावलेली, डॉक्टरांची नसलेली एखादी असेल तर कळवा. आम्ही रविवारी सकाळी येऊ. पोतं आमचं आम्ही आणू, तुम्ही फक्त इंजिन थंड ठेवा.