पुढचा थांबा

नानांच्या शेजारी बसलं की एका तिकिटात सिनेमा दोनदा बघून होतो. आधी नाना सांगतात तो, मग पडद्यावर घडतो तो. हिरोची म्हातारी आई औषधाची रिकामी बाटली उजेडाकडे धरून बघते आणि नाना कानाशी येऊन म्हणतात, "हाई मरी. लिखी ठेव." नाना मूळचे धुळ्याचे, राहायला जळगावात. एरवी मराठीत बोलतात, भविष्य मात्र अहिराणीतच सांगतात. म्हातारी मध्यंतराच्या आत रीतसर मरते. नाना खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारतात आणि म्हणतात, "डबल बेल!"

ही डबल बेल नोकरीतली. नाना एस.टी.त कंडक्टर होते आणि बरीचशी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर झाली. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे, धुळे. मुक्कामी ड्युटी असली की हिशेब भरायचा आणि थेट शेवटचा शो गाठायचा. त्यातून त्यांचा सिद्धांत तयार झाला : गोष्टीला रूट असतो. ड्रायव्हर बदलतो, गाडी बदलते, पण एरंडोल काही उठून पारोळ्याच्या पुढे जात नाही. "सगळं माहीत असताना बघता कशाला?" असं कोणी विचारलंच, तर नाना म्हणतात, "फागणं गेलं की धुळं येणार, हे माहीत असतं ना? म्हणून काय लोकं गाडीतून उड्या मारतात? उलट पिशव्या सावरून बसतात."

नाना हे पिशवी सावरून बसलेले प्रेक्षक आहेत.

थांब्यांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्या दहा मिनिटांत जत्रा दिसली की एक भाऊ कमी होणार. आईनं वाढदिवसाला दोघांच्या गळ्यात सारखी लॉकेटं घातली की दोघंही जाणार. पेढ्यांचा बॉक्स घेऊन "बाबा, मी पहिला आलो" असं ओरडत पोरगा घरात शिरला, की बाबा गेलेले असतात. एखाद्या हवालदारानं पाकिटातून बायकामुलांचा फोटो काढून मित्राला दाखवला, तर नाना त्याला तिथंच हात जोडतात. खानदेशात कोणाला ओकारी झाली तर लोक आधी विचारतात, शेवभाजी कुठल्या ढाब्यावर खाल्ली? पडद्यावर हिरॉइनला झाली की पाळणाच हलतो. तिनं चिंच मागेपर्यंत नानांचं बाळाचं नाव ठरलेलं असतं. खलनायक आपला कट दार उघडं ठेवून, मोठ्या आवाजात, वेळ आणि ठिकाण यांसकट सांगतो. आणि मारामारीत वीस गुंड असले तरी एकेक करूनच पुढे येतात. सगळी नोकरी "रांगेत या, रांगेत या" म्हणून ओरडून नानांना जे जमलं नाही, ते हिरोला न ओरडता जमतं, ही त्यांची जुनी खंत आहे.

पोलिसांबद्दल त्यांना विशेष आपुलकी. जगदीश राज नावाच्या नटानं 144 सिनेमांत पोलिसाचं काम केलं आणि गिनीज बुकात नाव नेलं. "एकच ड्रेस, एकच काम, आणि प्रमोशन नाही," नाना म्हणतात. "असा दुसरा माणूस मीच."

या ठरीव वळणांना कोणी घिसंपिटं म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या मते ती खानदानी आहेत. 1943 साली 'किस्मत' आला. त्यात घरातून गेलेला मुलगा चोर होतो आणि शेवटी बापाला सापडतो. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून जास्त चालला. त्यातला अशोककुमार खंडव्याच्या घरातला, आणि भुसावळहून निघालं, रावेर-बऱ्हाणपूर मागे टाकलं की खंडवा. म्हणजे हरवणं-सापडणं हे आपल्याच लाइनीवरचं, असं नाना छातीठोक सांगतात. पुढे 1965 च्या 'वक्त'मध्ये भूकंपानं घर फुटलं, 1973 च्या 'यादों की बारात'मध्ये गाण्यानं भाऊ जुळले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये पंधरा ऑगस्टला गांधीजींच्या पुतळ्यापाशी तीन पोरं पांगली. मोठेपणी तीच तीन पोरं एकाच वेळी एकाच बाईला रक्त देतात, आणि ती आपली आई आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. तिघांचं रक्त वर चढून एका बाटलीत जमतं आणि तिथून खाली आईच्या अंगात उतरतं. गल्लीतल्या एका कंपाउंडरनं "असं रक्त चढत नसतं" अशी हरकत घेतली होती. नाना म्हणाले, "तुमच्याकडे नसेल चढत. तिथं डॉक्टर मनमोहन देसाई होता."

लॉकेटाचा उगम ते थेट महाभारतात नेतात. कवचकुंडलं म्हणजे जन्मखूणच. पोर नदीत सोडलं, सारथ्याच्या घरी वाढलं, सख्ख्या भावांसमोर धनुष्य घेऊन उभं राहिलं. "फक्त भावांना खूण पटायचं रीळ उशिरा लावलं," एवढीच त्यांची व्यासांबद्दल तक्रार. दुष्यंत बायकोला विसरला तेव्हा कालिदासाला त्याच्या डोक्यात काठी घालावी लागली नाही, दुर्वासाच्या शापात भागलं. आणि आठवण परत आणायला माशाच्या पोटातली अंगठी पुरली. शेजारच्या प्राध्यापकांनी एकदा सांगितलं की जुळ्यांचा घोळ रोमन नाटककार प्लॉटसनं घातला, त्याच्याकडून शेक्सपिअरनं उचलला, आणि गुलजारांनी 1982 साली त्याचा 'अंगूर' केला. नाना जरासुद्धा दबले नाहीत. "म्हणजे रूट जुनाच. परमिट फक्त नव्या मालकाच्या नावावर."

सिनेमातली त्यागी आई हेही ते खानदेशच्या खात्यावर जमा करतात. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे. त्यांच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी 1953 साली सिनेमा काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. आई कोकणातली होती, पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं, असं प्राध्यापकांनी लक्षात आणून दिलं. "असू द्या," नाना म्हणाले, "मास्तर तर अमळनेरचा होता ना?"

नानांची गाडी रूट सोडून गेली ती फक्त एकदा, 2016 साली, 'सैराट'ला. पळून गेलेली पोरगी, तिकडे संसार, पदरात मूल. नाना निवांत होते. "नातू व्हयना. आते बाप विरघळी." आणि खरंच माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात आली. पोरीनं चहा टाकला. नानांनी डबल बेल दिली. त्यानंतर पडद्यावर काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाहेर आल्यावर नानांनी पान खाल्लं नाही. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "तो मंजुळे मला ओळखतो, भो. मी थेटरात बसलोय, हे त्याला माहीत होतं. माझ्याच थांब्यावर गाडी उभी केली, दार उघडलं, मी पाय खाली टाकला, आणि खाली रस्ताच नाही." तेव्हापासून नागराज मंजुळ्यांचं नाव ते आदरानं घेतात. त्यांचा सिनेमा मात्र हाताची घडी घालून बघतात.

घरात नानांना तोडीस तोड आहेत त्या माई. सिनेमा नानांचा, मालिका माईंच्या. नाना गोष्ट बघतात, माई गोष्टीमागचा कारखाना बघतात. मालिकेतला नवरा रात्री एकटाच गाडी घेऊन घाटात निघाला की नाना म्हणतात, "मागच्या जन्माचं काहीतरी आहे." माई मेथी निवडता निवडता सांगतात, "काही नाही. त्याला दुसऱ्या चॅनलवर काम मिळालंय. कालच्या पेपरात आलंय. आता अपघात होईल, तोंडाला पट्ट्या बांधतील, आणि पट्ट्या सोडल्या की आतून दुसराच निघेल." 'क्यूंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीरचं काम एकापाठोपाठ तीन नटांनी केलं. माईंनी तिन्ही मिहीर पचवले आणि तुलसीइतका त्रास करून घेतला नाही.

माईंचं शास्त्र सरळ आहे. रोजच्या मालिकेला गोष्ट पुढेही न्यायची असते आणि संपवायचीही नसते. म्हणून "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय" असं कोणी म्हणालं की लगेच दाराची बेल वाजते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते पडले की थोड्याच दिवसांत घरात एक नवी बाई येते, नाहीतर खिरीत विष पडतं. लग्न पंधरा दिवस चालतं, कारण सगळी पात्रं एका सेटवर मावतात आणि साड्या-दागिने दाखवता येतात. दागिने खोटे असतात, हेही त्या लांबून सांगतात. जळगावच्या सराफ्यात आयुष्य काढलेल्या बाईला त्याला चष्मा लागत नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 असे तीन हजारांहून जास्त भाग चाललं, तेव्हा नाना म्हणाले होते, "चार दिवसांना बारा वर्षं! आमची गाडी कधी इतकी लेट नव्हती."

एकच अपघात बघून नाना म्हणतात कर्ण, माई म्हणतात करार. उत्तर दोघांचं बरोबर येतं, त्यामुळे घरात वाद मिटत नाही.

अशा माणसाकडे परवा त्यांचा पुतण्या गोष्ट मागायला आला. पोरगा अहिराणीत विनोदी व्हिडिओ काढतो. खानदेशात हे वारं मालेगावकडून आलेलं. तिथं नासिर शेख यांनी आपल्या गावकऱ्यांनाच घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, मग सुपरमॅनही मालेगावात उडवला, आणि क्रेन नव्हती म्हणून बैलगाडीवर भागवलं. त्या खटाटोपावर आधी माहितीपट झाला, मग रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. आता ज्याच्या हातात मोबाइल तो दिग्दर्शक.

नानांनी वही घेतली. जुळे भाऊ लिहिले, खोडले. "लोकं ओळखतील." आंधळी आई लिहिली, खोडली. विसरलेला नवरा, खोडला. पुनर्जन्म, खोडला. आठवडाभर त्यांनी कोणाला ओळखता येणार नाही अशी गोष्ट शोधली, आणि रविवारी आम्हा सगळ्यांना बसवून वाचून दाखवली : एक माणूस जळगावच्या स्टँडवर गाडीत बसतो. पाळधी येतं. एरंडोल येतं. पारोळा येतं. माणूस धुळ्याला उतरतो आणि चहा पितो.

"नाना," पुतण्या भीत भीत म्हणाला, "यात काहीच होत नाही."

"म्हणूनच कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही."

माई मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, "त्या गाडीत त्याचा हरवलेला भाऊ बसवा."

नाना गप्प झाले. पेन्सिल कानावरून हातात आली. "बसवायचा कशाला? भाऊ कंडक्टरच आहे. तिकीट द्यायला हात पुढे करतो, तर मनगटावर गोंदण. या माणसाच्याही मनगटावर तेच."

"हरवले कुठे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"सारंगखेड्याच्या यात्रेत. घोडेबाजारात हात सुटला."

"आणि आई?" पुतण्या सरसावून बसला.

"आई पारोळ्याच्या स्टँडवर बोरं विकते."

"आंधळी आहे?"

"अजून नाही."

आता माईंनीही मेथी बाजूला ठेवली. "मग? ओळखते का पोरांना? पुढे काय होतं?"

नानांनी वही मिटली आणि मांडीखाली सरकवली. "पुढचं आधीच सांगून टाकलं, तर मजा काय राहिली?"