नाव नाही घ्यायचं हं

अहो वहिनी! इकडे, भिंतीपाशी या जरा. कढीपत्ता का? द्या, द्या, घरात पानसुद्धा नाही. पण आधी ऐका. कालच्या आमच्या मीटिंगचा आवाज तुमच्या गॅलरीपर्यंत आला असेलच. विषय होता लिफ्टच्या कंत्राटाचा. लिफ्ट राहिली बाजूला, दीड तास नुसती अळ्यांवर चर्चा!

झालं काय, रविवारी एक बाई खाली उतरल्या. नाव नाही घ्यायचं हं. दुसऱ्यांच्या कचऱ्यात हात घालणाऱ्यानं नाव घ्यायचं नसतं, हा माझा नियम आहे. बी विंग, तिसरा मजला, गॅलरीला पोपटी पडदे. त्यांनी हौसेनं खताच्या हौदाचं झाकण उघडलं आणि अशा किंचाळल्या, की वॉचमनमामा साप समजून काठी घेऊन धावले. आत काय, तर बोटाच्या पेराएवढ्या चपट्या, मातकट अळ्या. पपईच्या सालीवर तुटून पडलेल्या. कान जवळ नेला तर बारीक सळसळ ऐकू येते, खरंच सांगते. बाईंनी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘हे आपल्या मुलांच्या आरोग्याशी खेळणं आहे.’ आणि मग काय, जे लोक वर्षभर ‘गुड मॉर्निंग’खेरीज काही टाकत नाहीत, ते सगळे एकदम आरोग्याधिकारी झाले.

मी शांतपणे सांगितलं, ही घरमाशीची अळी नव्हे. ही काळ्या सैनिक माशीची. मोठी झाल्यावर चावत नाही, डसत नाही, आपल्या ताटावर येऊन बसत नाही. तिचं खाणं-पिणं बहुतेक अळी असतानाच उरकलेलं असतं. जगात लोक मुद्दाम पाळतात तिला, ओल्या कचऱ्याचा फडशा पाडायला. तर सेक्रेटरी म्हणतात, ‘पण दिसायला बरं नाही ना वाटत, मॅडम.’ आता अळीनं काय पावडर लावून यायचं?

हां, ती वाढली याचा अर्थ हौदात ओलं जास्त झालं, हे मात्र खरं. तुम्ही एकदा मूठ दाबून बघा. ढिगातलं मूठभर उचलायचं आणि आवळायचं. बोटांतून एखादा थेंब डोकावला तर बेत जमला. धार लागली तर सुका पाला घाला, भुगा होऊन सांडला तर पाणी शिंपडा. वासावरूनही कळतं. नाकात झोंबणारा वास आला की समजायचं, भाजीची देठं नि साली जास्त झाल्यात, पाला कमी पडलाय. कुजक्या अंड्याचा आला की आत हवा नाही, काठीनं खालीवर करा. पुस्तकात कार्बन नायट्रोजनच्या तीसपट हवा असं लिहितात. आमच्याकडे आकडे कोण मोजतंय! एक बादली ओलं आणि वर दोन-तीन बादल्या पाला, दाबून न भरता. गाडी रुळावर असली की ढीग असा तापतो म्हणता, सळई खुपसून ठेवून थोड्या वेळानं बाहेर काढली तर धरवत नाही. ५५-६० अंशांपर्यंत जातं आतलं. थंडीत सकाळी झाकण काढलं की वाफा येतात. एका काकांनी ते पाहून ‘आग लागली’ म्हणून फोन केला होता. नाव नाही घ्यायचं. बँकेतून निवृत्त झालेत, रोज पांढरे बूट घालून चालायला जातात.

म्हणूनच तुमच्या त्या बदामाच्या पानांवर माझा डोळा आहे. एवढाली पानं, नुसती गळतायत. माळीदादांनी परवा कोपऱ्यात ढीग करून काडी ओढली होती, मी इथूनच ओरडले. अहो, धूर सगळा आमच्या दमेकरी आजींच्या खिडकीत जातो. आणि उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. दंड कोणाला होतो ते सोडा, पण माळीदादांना आकडा सांगितल्यावर त्यांनी काडेपेटी खिशात घातली. आपल्या पुण्यातच अदिती देवधर म्हणून बाई आहेत, त्यांनी ‘ब्राउन लीफ’ सुरू केलं. ज्याच्याकडे पाला जास्त आहे तो सांगतो, ज्याला हवा आहे तो येऊन पोती घेऊन जातो. पाल्याचं स्थळ जुळवायचं, बस्स! पूर्वी मला हे कळलं तेव्हा हसू आलं होतं. आता फेब्रुवारी लागला की मीच लोकांच्या झाडांकडे बघत चालते.

काय म्हणता? कोणाच्या डब्यात काय निघतं? बघा, तुम्हीच विचारलंत. मी आपणहून काही सांगत नाही.

एक आहेत, डाएटवर आहेत म्हणून सगळ्या सोसायटीला सांगत फिरतात. सकाळी भोपळ्याचा रस, संध्याकाळी मूग. त्यांच्या सुक्या डब्यात दर शनिवारी पिझ्झ्याचा खोका, घडी घालून रद्दीच्या पोटात लपवलेला. तेलकट पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही, म्हणून तो पुन्हा वर येतो आणि माझ्यापुढे उभा राहतो. मी काय करू? एक घर असं आहे, की श्रावणात त्यांच्याकडचं ओलं एकदम कमी होतं आणि शेजारच्या घरातलं तेवढंच वाढतं. कसली हाडं, कोणाची हाडं, मी विचारत नाही. आणि ते नवं जोडपं, त्यांच्या डब्यात भाजी अख्खीच्या अख्खी, जुडीला रबर लावलेलं तसंच. आठवडाभर स्वयंपाक करायचा बेत करून मंडईतून आणतात, मग बाहेरून मागवतात. मेथीचा जीव गेला तो गेलाच. मी एकदा जिन्यात भेटल्यावर नुसतं म्हटलं, ‘मेथी छान आहे हं सध्या.’ मुलगी लाजून लाल! आता पुढच्या वेळी निवडून फ्रीजमध्ये ठेवते म्हणाली.

माणसाचं खरं रूप डब्यात, असं काही मी म्हणत नाही. पण एका घरातल्या सासूबाई गेल्या तेव्हा तिथून आठवडाभर फुलंच येत होती, हार, हार, हार. ते पाहून मीही गप्प बसले. तिथे सूनबाईंना ‘दोरा वेगळा करा’ म्हणायला तोंड उघडवेना. मीच बसले पायरीवर. हारातला सुती दोरा कुजतो, हल्ली मात्र प्लॅस्टिकचा येतो, तो शेवंतीच्या देठाला असा गुंडाळलेला असतो, की नखानं उकलावा लागतो. शिवाय मध्ये थर्माकोलचे मणी, सोनेरी कागद. फूल कुजून काळं होतं आणि मणी तसाच चकाकत राहतो. आता फुलवाल्याला सांगून ठेवलंय, सुती दोऱ्यातच ओवा. तो म्हणाला, पाच रुपये जास्त. घेऊ दे.

आमच्या ‘स्वच्छ’च्या ताई येतात ना रोज सकाळी, त्यांना मी याबाबतीत गुरू मानते. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारातली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून २००८ ला ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि दारोदार कचरा घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. संस्था कचरावेचकांचीच. त्या आधी त्यांना रस्त्यावरच्या कुंडीत उकरावं लागे. ताईंनी मला शिकवलं ते तुम्हाला सांगते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही. नुसती चीर द्यायची, तुकडा पिशवीला लटकत राहू द्यायचा. तो इवलासा तिकोना सुटला, की कचऱ्यात मिसळतो, कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन वाळवून दिली तर भंगारात चालते. बिस्किटाच्या, वेफरच्या चकचकीत पुड्याला मात्र कोणी विचारत नाही, त्यात थरांवर थर असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. ‘ताई, एवढं खातात, एवढं सुंदर दिसतं आणि दोन पैशांचं नाही,’ असं त्या म्हणतात.

आणि सॅनिटरी पॅड. बाई, किती दिवस बायका ते काळ्या पिशवीत किंवा नुसतेच टाकत होत्या. ताईंना हातानं वेगळं करावं लागायचं. मग त्यांची लाल ठिपक्याची मोहीम आली. कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा. इतकंच. आमच्या सोसायटीत हे सांगायला उभी राहिले तर पुरुष मंडळी माना खाली घालून मोबाइल बघायला लागली. एक आजोबा मात्र उठून म्हणाले, ‘ठिपक्यासाठी लाल स्केचपेन कुठे मिळेल?’ हे आजोबा आमचे तासगावकडचे. तिकडे द्राक्षाच्या बागा, आणि तरुणपणी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या बैठकांना जायचे. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, पण शेतकऱ्यांना स्वतःच प्रयोग करून एकमेकांना शिकवायला लावायचे. आजोबा खत हातात घेतात, चुरडतात, वास घेतात आणि दोन आठवडे थांबायला सांगतात. हौदाला सेक्रेटरींपेक्षा त्यांची भीती जास्त वाटत असावी.

सेक्रेटरींचं विचारू नका. त्यांना हौद हवा आहे तो करातल्या सवलतीपुरता. पालिका मिळकतकरात पाच टक्के देते, आणि सोलर किंवा पावसाचं पाणी जिरवायची सोय असेल तर दहा. बिल्डरनं नकाशात हौद दाखवला, बांधलाही, पण ताबा देताना आत मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक भलीमोठी गणपतीची आरास. पाहणीला माणूस येणार म्हटल्यावर सगळे आदल्या दिवशी धावपळ करतात, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे मीच झाकण उघडून उभी राहिले, ‘साहेब, हात घालून बघा.’ त्यांनी हात घातला नाही, सही केली.

तुमची मुलगी विचारते ना, महिनाभर कचरा एकत्र दिला तर काय बिघडतं? तिला सांगा, आपल्या कोथरूडकरांच्याच उशाला होता पूर्वी डेपो. जुनी माणसं अजून त्या भागाला ‘कचरा डेपो’च म्हणतात. आता तिथे मेट्रोच्या गाड्या उभ्या असतात, हिल व्ह्यू पार्क म्हणे! इकडे वास बंद झाला, कारण गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळल्या. तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या, तिथल्या सोयरिकी अडल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा चार दिवसांत आपल्या चौकातल्या कुंड्या वाहू लागल्या आणि मगच आमच्या सोसायटीला अळ्यांची नव्हे, हौदाची आठवण झाली. त्याआधी माझं पत्रक सगळे विमानं करायला वापरायचे. आणि हेही बघा, आमच्या अंगणात खत होतंय म्हणून उरुळीत काही उद्या गुलाब फुलणार नाहीत. पण निदान आमच्या ओल्याची एक गाडी तरी तिकडे जात नाही.

खत तयार झालंय ना आता, चाळून ठेवलंय. मागच्या महिन्यात वाटप केलं. शिस्तीत, घरटी एक पिशवी, नावावर खूण. बाल्कनीतल्या कुंड्यांना पुरतं. आणि बघा तरी लोक. ज्यांनी मीटिंगमध्ये ‘हे सगळं बंद करा’ म्हणून आवाज चढवला होता, त्याच रांगेत पहिल्या. म्हणे, ‘गुलाबाला हवं होतं थोडं जास्त.’ मी म्हटलं, ‘अळ्यांनीच केलंय हं ते.’ तर म्हणतात, ‘चाळलंय ना पण?’

आज सकाळी पुन्हा पोत्यापाशी कोणी तरी उभं होतं. मला वाटलं, वॉचमनमामा. चाळणी बाजूला ठेवलेली, पोत्याचं तोंड उघडं, आणि प्लॅस्टिकची पिशवी! दुसरीही! घरटी एक म्हटलं होतं की नाही?

नाव? छे, छे. मी कुठे काही बोलले. पण हळूच मागे वळून बघा, फाटकापाशी ती मरून रंगाची गाडी उभी आहे ना, डिकी उघडी आहे, आणि पोपटी पडदे आत्ताच ओढले बघा कोणी तरी. कढीपत्ता द्या ना इकडे.