बटणकाकांचा अंगठा

नवा फोन घेणाऱ्याला लोक किंमत विचारतात, कॅमेरा कसा आहे विचारतात, अगदीच काही नाही तर पार्टी मागतात. बटणकाका तो फोन हातात घेतात, उलटसुलट करून बघतात, उजवा अंगठा काचेच्या खालच्या कडेशी बरोबर मध्यावर टेकवतात, दाबतात, आणखी जोरात दाबतात आणि मान वर करून म्हणतात, "बटण कुठंय?"

बटण कुठं गेलं ते त्यांच्याइतकं अख्ख्या विलेपार्ले पूर्वेत कुणाला ठाऊक नसेल. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन टेन जाहीर झाला, पडद्याखालचं गोल बटण गेलं, त्याच्याऐवजी चेहरा ओळखणारा कॅमेरा आला आणि भारतात त्या फोनची किंमत सुरू झाली ८९,००० रुपयांपासून. त्याच दिवशी बटण असलेला आयफोन एटही जाहीर झाला होता, ६४,००० चा. म्हणजे बटण काढून घ्यायचे पंचवीस हजार. हा हिशेब काका सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही ऐकवतात, कारण गुरुजींचा फोनही बिनबटणाचा.

असे काका लोकांच्या परिचयाचे आहेतच. कुठे ते स्कूटरच्या किकवरून हळहळतात, कुठे गिअरच्या गाडीवरून. पार्ल्यातल्या काकांचं सगळं बटणावर येऊन थांबलं एवढंच. सोसायटीच्या लिफ्टला स्पर्शाची काच बसवायचं घाटत होतं तेव्हा वार्षिक सभेत त्यांनी दोन पानी हरकत वाचून दाखवली. घरात इंडक्शनची शेगडी आली, तर चहा करायला गेलेले काका रिकाम्या हाताने बाहेर आले. काकूंनी आतून विचारलंसुद्धा नाही. काय अडलं असेल ते त्यांना पाठ होतं.

काका राष्ट्रीयीकृत बँकेत रोखपाल होते. नोटा मोजायची यंत्रं काउंटरवर येण्याआधीची ही पिढी. अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा आणि शंभर नोटांचं पुडकं गप्पा मारता मारता संपवायचं. २०१४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली एकमेव उधळपट्टी केली. ग्रॅच्युइटीतून आयफोन सिक्स घेतला. अंगठा टेकवला की फोन उघडतो, हे दुकानात बघितलं आणि ते विरघळलेच. "अंगठा नको, सही शिका" म्हणून खातेदारांच्या मागे लागण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस साठीला स्वखुशीने अंगठेबहाद्दर झाला. त्या फोनमध्ये पाच बोटांचे ठसे ठेवता येतात. काकांनी पाचही जागी उजवा अंगठाच नोंदवला: सरळ, तिरका, आडवा, थोडा ओलसर, आणि एक राखीव. खातं एक, नमुना सह्या पाच.

एप्रिल २०२० मध्ये नवा आयफोन एसई आला तेव्हा काकांना वाटलं, आपलं गाऱ्हाणं थेट कॅलिफोर्नियात पोचलं. शरीर आयफोन एटचं, ४.७ इंची पडदा, खाली तेच गोल बटण, आणि आत मात्र त्या वेळच्या महागड्या आयफोन इलेव्हनमधली ए-१३ चिप. किंमत ४२,५००. टाळेबंदी सैल झाल्यावर तो घरी आला आणि काकांचा सुवर्णकाळ सुरू झाला. तोंडावर मास्क असला की बिनबटणवाल्यांचे फोन मालकाला ओळखायचे नाहीत. भाजीवाल्यासमोर पैसे देताना एकेक जण मास्क हनुवटीवर ओढायचा, फोनला तोंड दाखवायचा, पुन्हा मास्क वर. बाजूला काका उभे, अंगठा तयार. लोक घाबरून सहा फूट लांब राहायचे म्हणून, नाहीतर त्यांनी प्रत्येकाला तो प्रश्न विचारलाच असता. मार्च २०२२ मध्ये मास्कसकट चेहरा ओळखायची सोय आली, तीही आयफोन ट्वेल्व्ह आणि त्यापुढच्यांनाच. ती बातमी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली नाही. एरवी ते गुड मॉर्निंगसुद्धा चुकवत नाहीत.

मग पुण्याहून इंजिनिअरिंगचा भाचा आला आणि त्याने जेवणानंतर बॉम्ब टाकला. "मामा, तुमच्या फोनलाही बटण नाहीये." काका हसले. भाच्याने एसई बंद केला आणि म्हणाला, आता दाबा. काकांनी दाबलं. काहीच हललं नाही. तो गोल नुसता खळगा होता. २०१६ च्या आयफोन सेव्हनपासून ते बटण हलतच नाही. बोटाचा दाब कळला की आतली छोटी मोटर थरथरते आणि दाबल्याचा भास होतो. फोन बंद, तर भासही बंद. आयफोन सिक्सचं बटण खरं होतं, एसईचं नव्हतं, आणि दोन-अडीच वर्षांत काकांना हा फरक कळला नव्हता.

त्या रात्री काका लवकर झोपले. सकाळी चहाच्या वेळी भाच्याला म्हणाले, "नोट म्हणजे तरी काय रे? कागद. त्यावर गव्हर्नरचं वचन असतं. मी दाबलं, त्याने होकार दिला. व्यवहार पूर्ण." भाच्याकडे यावर उत्तर नव्हतं. रोखपालाशी पैशाच्या भाषेत वाद घालू नये.

एप्रिल २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, टिम कुक स्वतः दार उघडायला आले. गर्दी ओसरल्यावर काका रिक्षाने गेले, सोबत बँकेची जुनी डायरी. एसईची त्या वेळची नवी आवृत्ती ४९,९०० ला, आयफोन फोर्टीन ७९,९०० ला, फोर्टीन प्रो १,२९,९०० ला. डायरीत तीन रकाने पडले, खाली बेरीज-वजाबाकी झाली. दुकानातल्या मुलाने प्रोवर अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा दाखवला, पडद्यावरचं आकार बदलणारं काळं बेट दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगठा टेकवला. पुढचं तो मुलगा बहुधा अजून घरी सांगत असेल. खरेदी काहीच झाली नाही, पण काका प्रसन्न परतले. त्या मुलाने त्यांना दोनदा 'सर' म्हटलं होतं.

काकांना हसणाऱ्यांचं काय, हेही बघायला हवं. तिसऱ्या मजल्यावर एक प्रोवाले राहतात. दर सप्टेंबरात नवा फोन, बारा हप्ते. हप्ते संपतात तोवर पुढचा सप्टेंबर. मागच्या भिंगांची मांडणी बघून ओळखायचं की हा नवा. त्या फोनवर ते व्हॉट्सॲप बघतात आणि क्रिकेटचा स्कोअर. निदान काकांना आपल्याला काय हवंय ते तरी माहीत आहे.

२०२३ च्याच दिवाळीला न्यूजर्सीहून मुलगी आली, वडिलांसाठी फिफ्टीन प्रो घेऊन. टायटॅनियमचा, हलका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना फोर्टीनपासून सिम घालायची खाचच नसते, सगळं ई-सिम. काका म्हणाले, "बटण नाही, सिमला जागा नाही. पुढच्या वर्षी नुसता खोका देतील." मग कडेला बोट लागलं. तिथे बटण होतं! त्या वर्षीच आलेलं, हवं ते काम नेमून देता येणारं. काका क्षणभर द्रवले, पण कडेचं बटण ते कडेचं. फोन कपाटात गेला. आठवड्याने काकूंनी तो बाहेर काढला, मुलीकडून चेहरा नोंदवून घेतला आणि बघता बघता त्यावर भिशीचा हिशेब आणि रेसिप्या सुरू झाल्या.

काकांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला: "झोपेत कुणी तोंडासमोर धरला तर?" काकूंनी सांगितलं की डोळे उघडे ठेवून बघितल्याशिवाय तो उघडत नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचा मात्र उघडतो. दुपारी तुम्ही घोरत असता ना, अंगठा टेकवते. गॅसवाल्याचा ओटीपी तुमच्याच नंबरवर येतो."

सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन सिक्स्टीनला कॅमेऱ्यासाठी कडेला आणखी एक बटण आलं, तेव्हा काकांनी ग्रुपवर लिहिलं: परत येत आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिक्स्टीन ई आला, ५९,९०० चा, बिनबटणाचा, आणि एसईची विक्री थांबली. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून चालत आलेलं गोल बटण तिथे संपलं. त्यावर ग्रुपवर काकांनी काही लिहिलं नाही. प्रोवाल्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, तर तेही खपवून घेतलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला काका बँकेत गेले. ठशाच्या यंत्रावर उजवा अंगठा ठेवला. नाकारला. पुसून ठेवला. नाकारला. डावा ठेवला, तोही नाही. नोटा मोजून मोजून आणि वयाने रेषा झिजलेल्या. काउंटरवरच्या मुलीने असे अंगठे रोजच पाहिलेले. तिने स्वतःचा साधा अँड्रॉइड फोन काढला, सरकारचं चेहरा ओळखणारं ॲप उघडलं आणि म्हणाली, "काका, इकडे बघा, डोळ्यांची उघडझाप करा." काकांनी केली. पेन्शनपुरते ते जिवंत ठरले. ज्या शाखेत त्यांच्या अंगठ्याखालून कोट्यवधी रुपये गेले, तिथेच अंगठा नापास झाला, आणि कुणाला काही वाटलं नाही; रांग पुढे सरकली.

घरी येऊन त्यांनी एसई उघडायचा प्रयत्न केला. हल्ली तोही पाच नमुन्यांपैकी एकही मानत नाही, सहा आकडी संकेत मागतो. बॅटरी दुपारपर्यंत तग धरते. काकूंचा फोन मोठा, अक्षर मोठं, वर्तमानपत्र त्यावर नीट वाचता येतं. मुलगी दर रविवारी सांगते की बाबांचाही चेहरा त्यात घाला, दुसरा घालता येतो. बाबा म्हणतात, बघू. तोवर काकांना काही वाचायचं असलं की ते फोन घेऊन स्वयंपाकघरात जातात, काकूंच्या तोंडासमोर धरतात आणि उघडला की बाल्कनीत निघून जातात. काकूंनी या सेवेचा दरही ठरवून दिलाय. एकदा फोन उघडला की एकदा दूध तापवायचं, इंडक्शनवर, उतू न घालवता.