गाडीवाल्यांचा वनवास

झाशीहून ओरछा हाकेच्या अंतरावर. तिथे राम राजा आहे, पोलीस त्याला रोज सलामी देतात. राजाचा वनवास संपला. आता तो गाडीवाल्यांच्या वाट्याला आलाय.

बेतवावरचा जुना, अरुंद, बिनकठड्याचा पूल ओलांडला की अभयारण्य. पुलावर समोरून जीप आली तर मागे कोणी जायचं, हे टायरच्या आकारावर ठरतं. पुरात पूलच पाण्याखाली जातो, मग वाद आपोआप मिटतो.

पुढे जंगलवाट. चाकोरीत राहावं तर मधला उंचवटा चेंबर खरवडतो, सोडावी तर ग्रॅनाइटचे धोंडे. जाहिरातीत कडे चढणारी एसयूव्ही इथे पहिल्या गिअरमध्ये कण्हते. मालक काच खाली करून गुराख्याला विचारतो, “आगे रास्ता ठीक है?” गुराखी सायकलवर. उतरायचीही तसदी न घेता म्हणतो, “एकदम बढिया!” त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं.

याच मुलखातले जुने प्रवासी आठवतात. 1858 साली झाशीची धूळधाण पाहिलेले विष्णुभट गोडसे पुढे गंगेची कावड घेऊन कोकणात वरसईला पोचले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लूटमार आहे, उपासमार आहे, सस्पेन्शनबद्दल अवाक्षर नाही.